आमची रेंज

घर घेताना माणसं पाणी किती वेळ येतं ते विचारतात, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते विचारतात, आणि शेजारी कसे आहेत हे आडून आडून विचारतात. मीही विचारलं होतं. १९९८ साली सानपाड्याला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा एजंटाने मला हवा दाखवली, उजेड दाखवला, 'साहेब, हार्बरची गाडी म्हणजे दारात' असं म्हणून स्टेशन दाखवलं, आणि परळच्या चाळीत वाढलेला मी त्या स्टेशनाचा ऐसपैसपणा पाहूनच निम्मा गारद झालो. विचारायचं राहून गेलं ते एकच. आतल्या खोलीत वायफाय येतो का? अर्थात त्या वेळी विचारलं असतं तर तो एखादा पक्षी असावा अशा समजुतीने एजंट म्हणाला असता, "येतो ना साहेब! थंडीत खाडीवर थव्याने येतो."

त्याचा तरी काय दोष? वायफाय हे नावच मुळी १९९९ साली ठेवलं गेलं. म्हणजे घर आधीचं आणि बाळ नंतरचं. बाळ जन्माला येणार हे ठाऊक नसताना बांधलेल्या घरात बाळाची गैरसोय व्हायचीच.

आमच्याकडे ती अशी होते. इंटरनेटचा डबा हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. केबलवाल्याचा पोरगा पहिल्या दिवशी तो जिथे वायर संपली तिथे ठेवून गेला आणि मग ती जागा कुलदैवताच्या जागेसारखी अढळ झाली. हॉलमध्ये फोनवरची ती वायफायची छत्री पूर्ण उघडलेली असते. पॅसेजमध्ये ती अर्धी मिटते. बेडरूमच्या उंबऱ्यावर नुसती दांडी उरते, आणि पलंगावर आडवं झालं की दांडीही जाते. नेमकी तिथेच मला रात्री जुनी नाट्यगीतं ऐकायची असतात. म्हणजे ज्या खोलीत मी जागा असतो तिथे वायफाय येतो आणि जिथे मला झोप येत नाही तिथे वायफाय येत नाही.

केबलवाल्याच्या पोराला बोलावलं. तो विशीतला, कानात एक बाळी, पण बोलणं एखाद्या स्पेशालिस्ट डॉक्टरसारखं. त्याने भिंतीवर टिचकी मारली, छताकडे पाहिलं, आणि बेडरूमच्या दाराशी उभं असलेलं आमचं लोखंडी कपाट पाहून मान हलवली.

"काका, तुमच्या डब्यातून दोन प्रकारचे सिग्नल निघतात. टू-पॉइंट-फोर आणि फाइव्ह. टू-पॉइंट-फोर हळू असतो पण भिंतीतून जातो. फाइव्ह एकदम फास्ट, पण भिंत आली की बसतो."

असे दोन भाऊ आमच्या नात्यातच असल्यामुळे मला विषय लगेच समजला.

पुढची माहिती मी वाचून मिळवली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे आपली वीत थोडी आवळून धरली तर एक लहर मावते. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. विटांची भिंत यांना थोडं थकवते, सिमेंट-काँक्रीटमधल्या सळया जास्त थकवतात, आणि लोखंडी कपाट तर सरळ परत पाठवतं. आरसाही परत पाठवतो, कारण त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. पाणी लहरी पिऊन टाकतं, आणि माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असल्यामुळे माणूसही पितो. म्हणजे वायफाय येत नाही म्हणून डब्यासमोर जाऊन उभा राहणारा गृहस्थ हा स्वतःच एक अडथळा असतो. शिवाय मायक्रोवेव्हची शेगडी साधारण त्याच २.४ च्या पट्ट्यात चालते. त्यामुळे आमची ही आमटी गरम करायला ठेवते तेव्हा बेंगळुरूचा नातू व्हिडिओ कॉलवर गोठतो.

कपाट हलवणं हा सोपा उपाय होता. पण ते कपाट हिच्या माहेरचं. "लग्नात बाबांनी दिलेलं कपाट तुमच्या नाट्यगीतांसाठी हलवायचं?" एवढं एकच वाक्य ती बोलली, आणि भौतिकशास्त्र संपलं. मग डबा हलवायचं ठरलं. पोराचं म्हणणं, डबा घराच्या मध्यभागी आणि उंचावर हवा. आमच्या घराच्या मध्यभागी आणि उंचावर देव आहेत. त्यावरही एक वाक्य बोललं गेलं.

शेवटी मी लॅमिंग्टन रोडला गेलो. सानपाड्याहून कुर्ल्याला बदलायचं, दादरला बदलायचं, ग्रँट रोडला उतरायचं. हे सगळं बिनतारी गोष्टीसाठी! दुकानदाराने मला एक भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा डबा दिला. त्याला तो 'बूस्टर' म्हणाला, खोक्यावर 'एक्स्टेंडर' लिहिलं होतं, आणि केबलवाल्याचा पोरगा त्याला तुच्छतेने 'रिपीटर' म्हणाला. हा डबा नवीन काही निर्माण करत नाही. मोठा डबा बोलतो ते ऐकतो आणि पुढे सांगतो. ऐकताना त्याला बोलता येत नाही आणि बोलताना ऐकता येत नाही, म्हणून वेग निम्मा होतो. आमच्या सोसायटीत ही सेवा एक आजी विनामूल्य करतात, आणि त्यांचा वेग निम्मा झालेला मी कधी पाहिला नाही.

तो रिपीटर मी पॅसेजमध्ये लावला. बेडरूममध्ये काही फरक पडला नाही. कपाट जिथल्या तिथे होतं. लहरी कपाटाला आपटल्या आणि गेल्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या दारातून जिन्यात. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

इथे एक कबुली द्यायला हवी. वर मी बेडरूममध्ये वायफाय येत नाही असं म्हटलं. आमचा येत नाही. शेजारचा येतो, आणि छत्री फाटेल इतका येतो.

आमची बेडरूम ए विंगची शेवटची. तिच्या भिंतीपलीकडे बी विंगमधला एक फ्लॅट. तिथे एक निवृत्त ऑडिटर राहतात; सोसायटीत सगळे त्यांना ऑडिटरसाहेबच म्हणतात. त्यांचा डबा बरोब्बर माझ्या उशीमागे, सहा इंच भिंतीच्या पलीकडे. गेल्या दिवाळीत आमचं नेट एक दिवस बंद पडलं आणि नेमका त्या दिवशी मला आयुर्विम्याचा हप्ता भरायचा होता. ऑडिटरसाहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला, पासवर्ड घातला आणि म्हणाले, "आजच्या दिवस वापरा." मी हप्ता भरला, आभार मानले आणि विषय संपला. माझ्यापुरता संपला. फोनपुरता संपला नाही. फोन एकदा शिकलेला पासवर्ड विसरत नाही. मी पलंगावर आडवा झालो की तो आपण होऊन आमचं घर सोडून ऑडिटरसाहेबांकडे जायचा. मला हे दिसत होतं. दिवाळीपासून जूनपर्यंत आठ महिने दिसत होतं. ज्या ज्या रात्री दिसलं, त्या त्या रात्री मी 'उद्या बघू' म्हणून नाट्यगीत लावलं.

आता याला चोरी म्हणायचं का? मी यावर पुष्कळ विचार केला, बहुतेक वेळा ऑडिटरसाहेबांच्याच वायफायवर. एखाद्याच्या घरचा आंबा मी खाल्ला तर त्याचा आंबा गेला. पण मी रात्री बारा वाजता एक नाट्यगीत ऐकलं तर त्यांचं काय गेलं? ते दहाला झोपतात. खानावळीच्या नुसत्या वासाचे पैसे मागणाऱ्याला नाण्याच्या नुसत्या आवाजाने पैसे चुकते केल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, आणि ऐकताना आपण नेहमी वास घेणाऱ्याच्या बाजूचे असतो. आमच्या परळच्या चाळीत एका बिऱ्हाडात रेडिओ होता. त्या काळी रेडिओचं लायसन पोस्टातून काढावं लागे, ते त्या एकाच बिऱ्हाडाचं. पण आकाशवाणीची कामगार सभा आणि बुधवारची बिनाका गीतमाला सगळा मजला ऐकायचा. रेडिओचा मालक कान धरून कुणाला म्हणाला नाही की तू माझं गाणं ऐकलंस. उलट आवाज कमी केला तर पलीकडून ओरडा यायचा, "ओ, जरा मोठं करा!" आवाजाला पासवर्ड लावता येतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि लहरी तरी कुणाच्या? १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवून दाखवली. बोसांच्या लहरी आमच्या वायफायच्या लहरींपेक्षाही आखूड, मोजून काही मिलिमीटरच्या. बोसांना आपल्या शोधाचं पेटंट घ्यायची इच्छा नव्हती. स्नेह्यांनी फारच आग्रह केला म्हणून एक अमेरिकन पेटंट झालं, १९०४ मध्ये, आणि त्याचा त्यांनी पुढे पाठपुरावाही केला नाही. आजही या लहरींच्या पट्ट्याला लायसन लागत नाही. अमेरिकेने तो १९८५ साली मोकळा केला, आपल्याकडे २००५ साली झाला. थोडक्यात, माझ्या बाजूला बोस होते, सरकार होतं आणि परळची चाळ होती. एका वकील मित्राने मात्र सांगितलं की माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या जाळ्यात शिरणं बसत नाही. "पण परवानगी होती ना," मी म्हटलं. "एक दिवसाची," तो म्हणाला. वकिलांना मैत्री कशी ती नाही.

तर बेडरूममध्ये माझी ही स्थिती. आता हॉलमध्ये या.

जूनमधली गोष्ट. हॉलमधलं नेट मला हळू वाटायला लागलं. केबलवाल्याच्या पोराने फोनवर सांगितलं, "काका, डब्यात शिरून बघा कोण कोण जोडलंय." डब्यात शिरायचा पत्ता १९२.१६८.१.१. हा मला आधी सिडकोच्या एखाद्या प्लॉटचा नंबर वाटला. पण शिरलो. आत यादी होती. माझा फोन, हिचा फोन, टीव्ही, नातू विसरून गेलेला टॅब, आणि पाचवं एक काहीतरी. पुढे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची माळ आणि वर शिक्का, 'अनोळखी'.

माझ्या अंगावर काटा आला. माझ्या घरात, माझ्या यादीत, अनोळखी!

सानपाड्यात राहणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा यायला कारणही आहे, ते सांगतो, म्हणजे मी उगाच घाबरट ठरणार नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी एक ई-मेल आला होता, आणि त्याचा माग काढत पोलिस आले ते कुठे, तर आमच्या सानपाड्यात. इथे भाड्याने राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाचं वायफाय उघडं होतं. कुणीतरी ते वापरून तो ई-मेल धाडला होता. त्याचे कॉम्प्युटर पोलिसांनी नेले, चौकशा झाल्या, वर्तमानपत्रांत रोज इमारतीचे फोटो. पुढच्याच वर्षी दूरसंचार खात्याने फर्मान काढलं की वायफाय उघडं ठेवू नका. ते दिवस मला चांगले आठवतात, कारण सेक्टरातला प्रत्येक माणूस त्या आठवड्यात लहरींवर व्याख्यान देत होता. तोपर्यंत सानपाडा म्हटलं की मुंबईकर 'वाशीच्या पुढचं ना?' एवढंच म्हणायचे. नाव झालं ते असं.

तेव्हा उघड्या दाराने काय होऊ शकतं ते आम्हाला पुस्तकातून शिकायला लागत नाही. मी क्षणभरही न थांबता पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड सोळा अक्षरी, त्यात एक उद्गारचिन्ह. ही त्या दिवशी ठाण्याला बहिणीकडे गेली होती, दोन दिवसांसाठी. मी यादी पुन्हा उघडली. अनोळखी गेलेला होता. सीमेवरच्या जवानाला वाटत असेल तसं मला वाटलं. मग मी बेडरूममध्ये जाऊन ऑडिटरसाहेबांच्या वायफायवर नाट्यगीत ऐकलं.

विनोद म्हणून हे वाक्य लिहिलेलं नाही. असंच घडलं, आणि त्या वेळी मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. माणसाचं मन किती प्रशस्त असतं पाहा. एकाच फ्लॅटमध्ये पोलिस आणि चोर, मध्ये फक्त पॅसेज.

ही ठाण्याहून परत आली. फोन लागेना म्हणून विचारलं, "अहो, पासवर्ड बदललात का?" मी मोठ्या अभिमानाने सगळा वृत्तांत सांगितला. ती खुर्चीत बसली. तिने पिशवी हातातून खालीही ठेवली नाही.

"ती आपल्या वॉचमनची मुलगी हो," ती म्हणाली. "मीच दिला होता तिला पासवर्ड. जिन्याच्या वळणावर बसते ना ती."

मी त्या मुलीच्या अंगावरून रोज दोनदा जात होतो. वॉचमन बीडकडचा. जिन्याखालच्या खोलीत बिऱ्हाड. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. जिन्यात मोबाइलवर मान खाली घालून बसलेली दिसली की मी मनात म्हणायचो, हल्लीच्या पोरांना दुसरा उद्योग नाही. ती अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती. हा अर्ज ऑनलाइन असतो आणि दोन भागांत असतो. दुसऱ्या भागात कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. त्याचा शेवटचा दिवस मी पासवर्ड बदलला तो. बापाच्या जुन्या फोनचं रिचार्ज संपलेलं. संध्याकाळी वळणावर येऊन बसली तर नेट लागेना. पावसातून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली तर तो शटर ओढून गेलेला.

"मग वर येऊन बेल का नाही वाजवली?" मी विचारलं. हा प्रश्न मी नंतर त्या मुलीलाही विचारला. ती म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही मुद्दाम बंद केलं असेल. मग कसं विचारायचं?"

पहिल्या फेरीत तिला वाशीचं कॉलेज मिळालं असतं. तेवढे मार्क होते. दुसऱ्या फेरीपर्यंत त्या जागा भरल्या आणि मिळालं ते पनवेलचं. सानपाड्याहून वाशी एक स्टेशन आहे. चालतही जाता येतं. पनवेल आठ. जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. मी ही नावं मुद्दाम म्हणून पाहिली. एका दमात म्हणता येत नाहीत.

यानंतर काही दिवस मी स्वतःची बाजू मांडत होतो. ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःपुढेच. सुरक्षितता महत्त्वाची आहे. मला काय माहीत? यादीत स्पष्ट 'अनोळखी' लिहिलं होतं. सगळं खरं होतं, २००८ ही खरं होतं. पण एक गोष्ट नडत होती. मला जर बॉम्बवाल्याची भीती होती, तर मी पोलिसांना फोन करायला हवा होता, निदान जिन्यात जाऊन बघायला तरी हवं होतं. मी काहीच केलं नाही. पासवर्ड बदलला आणि नाट्यगीत ऐकलं. खरं सांगायचं तर मला भीती नंतर सुचली. आधी सुचलं ते हे, की कुणीतरी फुकट वापरतोय.

आणि वापरत काय होती? आमच्या प्लॅनला मर्यादा नाही. त्या अर्जाने माझं नेट हळू झालेलं नव्हतंच. नेट हळू होतं ते रिपीटरमुळे, हे केबलवाल्याच्या पोराने नंतर पाच मिनिटांत दाखवून दिलं.

अशात एकदा सकाळी फिरायला गेलो असताना ऑडिटरसाहेब भेटले. पाम बीच रोडच्या बाजूने आम्ही दोघे चालत होतो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी सहज म्हणून, म्हणजे अजिबात सहज नव्हे, विचारलं, "साहेब, तुम्ही तुमच्या वायफायला कोण कोण जोडलंय ते बघता का हो कधी?"

"दर रविवारी," ते म्हणाले. "ऑडिटची सवय."

मी चालण्याचा वेग थोडा वाढवला. त्यांनीही वाढवला.

"तुमचा फोन असतो ना रात्रीचा. साडेदहाच्या पुढे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच आठवड्यात दिसलं. नंबर नवा होता. म्हटलं, दिवाळीत कुणाला दिला होता आपण? तुम्हाला. मग कशाला विचारायचं? रेंज नीट येते ना?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या यादीतही मी अक्षरं आणि आकडे यांची माळच होतो. वरचा शिक्काही तोच असणार. फक्त त्यांनी तो वाचून डोकं खाजवलं, आणि मी तो वाचून कुलूप बदललं.

तेव्हापासून माझा आधीचा प्रश्न मला पोरकट वाटायला लागला. दुसऱ्याचं काही कमी न करता आपण घेतलं तर ती चोरी का, या प्रश्नावर माणूस आयुष्यभर चर्चा करू शकतो. त्यात मजा आहे, कारण दोन्ही बाजूंना आपण निर्दोष सुटतो. आपलं काही कमी होत नसताना दिलं नाही तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न कुणी काढत नाही. त्याला कायद्यात कलम नाही. मराठीत धड शब्दही नाही. 'कंजूष' म्हणावं तर कंजूष निदान स्वतःचं काहीतरी वाचवतो. मी काय वाचवलं? आणि ऑडिटरसाहेबांनी सोळा अक्षरी पासवर्डही बदलला नाही आणि दारही सताड उघडं टाकलं नाही. त्यांनी फक्त आठवून पाहिलं, कोणाला दिला होता. मी खाली सोळा पायऱ्या उतरून बघितलं असतं तरी चाललं असतं.

बोलून झालं, आता काम. केबलवाल्याच्या पोराला पुन्हा बोलावलं. त्याने सांगितलं की खरा उपाय एकच, वायर. डब्यापासून बेडरूमपर्यंत साधी नेटची वायर टाकायची आणि तिथे दुसरा डबा बसवायचा. मग कपाटाला वळसा पडतो आणि वेगही निम्मा होत नाही. एवढं आधी का नाही सांगितलंस म्हटलं तर म्हणे, "काका, तुम्ही वायरलेस विचारलं होतंत." वायर दाराच्या चौकटीवरून गेली, पांढऱ्या पट्टीत. ती दिसते अशी हिची तक्रार आहे, पण माहेरचं कपाट हललं नाही म्हणून ती तक्रार मंद स्वरात असते.

बेडरूममध्ये आता आमची छत्री उघडते. मी फोनमध्ये 'हे नेटवर्क विसरा' असं एक बटण असतं ते शोधून काढलं आणि ऑडिटरसाहेबांना जाऊन सांगितलं की आता विसरतो. ते म्हणाले, "असू द्या हो. तुमचं बंद पडलं तर?" मग ते बटण दाबलं नाही.

रिपीटर उरला होता. तो मी पॅसेजमधून काढला आणि बाहेरच्या दाराजवळच्या प्लगमध्ये लावला, चपलांच्या कपाटावर. पासवर्ड बदलून सोपा केला, पण ठेवला. एका चिठ्ठीवर लिहून वॉचमनच्या मुलीला नेऊन दिला. आणखी कुणाला लागला तर मला विचारून दे, म्हटलं. तिने मान हलवली, चिठ्ठी घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली. वाशीच्या कॉलेजबद्दल मला काही बोलायचं होतं. घरातून निघताना वाक्य जुळवलं होतं. ते तिथे पोचेपर्यंत राहिलं नाही.

पनवेलहून ती संध्याकाळी सातच्या सुमाराला येते आणि जिन्याच्या वळणावर बसते. परवा मी दारात उभा राहून म्हटलं, "अगं, आत येऊन बस की. पंखा आहे, टेबल आहे."

"नको काका, इथं बरं आहे. फुल्ल रेंज येते."

मी माझ्या फोनकडे पाहिलं. खरंच येत होती; हॉलपेक्षा जास्त. मी बरं म्हणून दार ओढून घ्यायला लागलो, तेवढ्यात ती म्हणाली,

"काका, दार थोडं उघडं राहिलं तर चालेल का? ते लोखंडी दार लावलं की एक रेघ कमी होते."

दार उघडं ठेवलं आहे. डास येतात. हिने चपलांच्या कपाटावर, रिपीटरच्या शेजारी, डासांची एक अगरबत्ती लावून ठेवली आहे.